विंडोज ७ ची अपग्रेड डीव्हीडी कोऱ्या हार्डडिस्कवर चालते का? आधी व्हिस्टा टाकावी लागते का?

तुम्ही लिहिलंय: तुमचा डेस्कटॉप व्हिस्टासकट (विंडोज ७ च्या आधीची आवृत्ती) आला, त्यावर दुकानाचा हिशेब आणि एक जुना स्कॅनर चालतो, पुढे तुम्ही विंडोज ७ ची अपग्रेड डीव्हीडी विकत घेतली, आता हार्डडिस्क गेली आणि नवी बसवलीत. दुरुस्तीवाला म्हणतो, आधी व्हिस्टा टाका. नाहीतर माझ्याकडची 'चालणारी' कॉपी घ्या. यातलं काहीच करू नका.

अपग्रेडच्या डीव्हीडीवर अख्खी विंडोज ७ असते. फरक 'की'मध्ये, म्हणजे डीव्हीडीसोबत मिळणाऱ्या कोडमध्ये आहे. एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या डिस्कवर टाकताना विंडोज ९८ किंवा २००० ची जुनी सीडी मागायची, ती दाखवली की पुढे जायची. व्हिस्टापासून ही सोय काढून टाकली. म्हणून कोऱ्या डिस्कवर विंडोज ७ बसते नीट, पण ॲक्टिव्हेट करताना (मायक्रोसॉफ्टकडून की तपासून घेताना) शेवटी एफ०६१ असलेला एरर येतो: ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, क्लीन इन्स्टॉलसाठी (कोऱ्या डिस्कवर नव्याने बसवण्यासाठी) नाही. बहुतेक जण इथेच हात टेकतात.

मी हे असं करतो. डीव्हीडीवरून बूट करून 'कस्टम' निवडायचं. कीचा रकाना रिकामा ठेवायचा आणि 'आपोआप ॲक्टिव्हेट करा' समोरची खूण काढायची. कीशिवाय ३० दिवस मिळतात, त्यामुळे घाई नाही. विंडोज सुरू झाल्यावर रेजएडिट उघडा; विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज, म्हणजे रेजिस्ट्री, त्यातून बदलता येतात. एचकेईवाय लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, सेटअप, ओओबीई असं आत जा. तिथे 'मीडियाबूटइन्स्टॉल' ची किंमत १ असेल, ती ० करा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, स्लॅश आणि लगेच आर-ई-ए-आर-एम असं टाइप करून एंटर दाबा. मेसेज आला की रीस्टार्ट करा. आता की घाला आणि ॲक्टिव्हेट करा.

रेजिस्ट्रीला हात लावायचा नसेल तर कीशिवाय बसवलेल्या विंडोज ७ मधूनच डीव्हीडीचा सेटअप पुन्हा चालवा, 'अपग्रेड' निवडा आणि या वेळी की द्या. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण होतं.

ही चोरवाट आहे का, असं वाटू शकतं. तुमच्या बाबतीत नाही. अपग्रेडचा हक्क व्हिस्टाच्या लायसन्समुळे मिळतो आणि ते तुम्ही मशीनसोबत घेतलं आहे. कॅबिनेटवरचा व्हिस्टाचा स्टिकर हा त्याचा पुरावा, तो खरवडून टाकू नका. मात्र ती व्हिस्टा आता दुसऱ्या मशीनवर वापरता येणार नाही. ज्याच्याकडे जुनं लायसन्सच नाही, त्याने ही युक्ती वापरली तर की स्वीकारली जाईल, लायसन्स मिळणार नाही. आणि क्रॅक केलेली कॉपी कशाला? त्यात आणखी काय घुसवलंय हे दुरुस्तीवाल्यालाही माहीत नसतं, आणि तुमचा दुकानाचा हिशेब त्याच मशीनवर आहे.

बॉक्समध्ये ३२ आणि ६४ बिटच्या दोन डीव्हीडी असतील. तुम्ही लिहिलंय की स्कॅनर जुना आहे. त्याचा ६४ बिट ड्रायव्हर (विंडोजला स्कॅनर ओळखायला लावणारा प्रोग्रॅम) मिळतो का ते आधी बघा. नसेल तर सरळ ३२ बिट टाका, जरी त्यात ४ जीबी रॅम पूर्ण वापरात येत नसली तरी.

इन्स्टॉलनंतरचा भाग जास्त चिवट आहे. २००९ च्या डीव्हीडीत सर्व्हिस पॅक १ (अपडेट्सचा एकत्र संच) नाही, तो २०११ मध्ये आला. शिवाय २०१९ पासून अपडेट्सची डिजिटल सही (अपडेट खरं असल्याची खूण) शा-२ या नव्या पद्धतीची असते आणि ती तपासणं कोऱ्या विंडोज ७ ला येत नाही, त्यामुळे विंडोज अपडेट नुसतं फिरत राहतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हिस पॅक १, मग केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही अपडेट्स पेनड्राइव्हवर आणा आणि याच क्रमाने टाका. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हरही त्याच पेनड्राइव्हवर घ्या.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. स्कॅनर आणि हिशेबासाठी ती खुशाल चालवा, पण नेट बँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन या मशीनवर करू नका. सगळं बसवून झालं की नेटची केबल काढूनच ठेवा, आणि हिशेबाचा बॅकअप दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर घ्या.