रविवारी सामना होणारच

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. अंध, एक पाय गमावलेले, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेले, कर्णबधिर, सगळ्यांसाठी मिळून एक दिव्यांग फुटबॉल लीग. उद्घाटनाला पालकमंत्री, आणि शेवटी प्रत्येकाला सारखंच पदक. तळमळ ओळीओळीत दिसते. तरीही यातलं बरंच काही मी काढून टाकायला सांगणार आहे.

आधी एक प्रकार निवड. कुबड्यांवरचा फुटबॉल सात-सात जणांचा. मैदानातले खेळाडू एका पायावर, गोलरक्षक एका हाताचा, आणि कुबडी मुद्दाम चेंडूला लावली तर हात लावल्यासारखा फाउल. सेरेब्रल पाल्सीचा फुटबॉलही सात जणांचा, पण तिथं खेळाडूंची तीन गटांत वर्गवारी करावी लागते आणि कुठल्या गटातले किती मैदानात हवेत याचा हिशेब असतो. कर्णबधिरांचा खेळ नेहमीसारखा अकरा जणांचा. श्रवणयंत्रं काढून ठेवायची आणि पंचानं शिट्टीबरोबर झेंडाही दाखवायचा, एवढाच फरक. हे सगळं एका गुणतक्त्यात बसत नाही. तुझ्याजवळ अंधशाळेतून बाहेर पडलेली पोरं आहेत. दहावी झाली, शाळा सुटली आणि त्यांचा खेळही तिथंच थांबला. त्यांच्यापासून सुरू कर. बाकीच्यांना नाही म्हणू नकोस, पुढच्या वर्षीचं सांग आणि ते पाळ.

अंध फुटबॉलला मैदान लहान लागतं, साधारण ४० बाय २० मीटर. लांबीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या फळ्या उभ्या कराव्या लागतात. त्यामुळे चेंडू बाहेर जात नाही आणि हात फिरवून खेळाडूला आपण कुठं आहोत ते कळतं. पहिल्या वर्षी प्लायवूडच्या फळ्या आणि मागून भक्कम टेकू पुरेल. मात्र कडा घासून गुळगुळीत करून घे आणि प्रत्येक सामन्याआधी स्वतः हात फिरवून बघ. आंतरराष्ट्रीय गोल ३.६६ बाय २.१४ मीटरचा असतो. तो जमला नाही तर शाळेतले हँडबॉलचे ३ बाय २ चे गोल आण, पूर्वी हा खेळ तेवढ्याच गोलवर व्हायचा. आत खुळखुळे असलेले आवाजाचे चेंडू महाग पडतात, ते सामन्यांपुरते जपून वापर. सरावाला साध्या चेंडूभोवती प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांध, सरसर आवाज येतो, काम भागतं. चेंडू थांबला की आवाजही थांबतो, हे मात्र पंचाला आधीच सांगून ठेव.

जागा निवडताना डोळे मिटून दहा मिनिटं तिथं उभी राहा. रस्त्याचे हॉर्न, शेजारचं मंगल कार्यालय, पत्र्याच्या छपरावरचा पाऊस, यातलं काही चेंडूच्या आवाजावर चढत असेल तर ती जागा फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. म्हणूनच पावसाळ्यात लीग ठेवू नकोस असं माझं मत आहे. कोल्हापुरात आणखी एक अडचण आहे, आपला प्रेक्षक. शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांच्या, फुटबॉल संघांचे सामने बघून वाढलेली माणसं चेंडू गोलसमोरच्या डीमध्ये आला की उभी राहून ओरडतात. इथं चेंडू खेळात असताना पूर्ण शांतता लागते, ओरडायचं ते गोल झाल्यावर. प्रत्येक सामन्याआधी हे माइकवरून सांग, आणि दोन दमदार माणसांना प्रेक्षकांत बसव. ऐकतील ते. फुटबॉल कळणारा माणूस पाच मिनिटांत गप्प होतो, कारण गप्प राहिल्यावर त्याला स्वतःलाही चेंडू ऐकू यायला लागतो.

आता गोलरक्षक. मैदानात चार अंध खेळाडू आणि पाचवा गोलरक्षक, तो डोळस किंवा अंधुक दिसणारा चालतो. तालीम संघांकडून गोलरक्षक माग, पण सगळ्यात उंच किंवा सगळ्यात चपळ निवडू नकोस. ज्याला बोलता येतं तो निवड. त्याला गोलसमोरच्या दोन मीटर खोलीच्या चौकोनाबाहेर येता येत नाही, त्यामुळे बचाव त्याला जिभेनंच करावा लागतो. मैदानाचे तीन भाग असतात. आपल्या बचावाच्या भागात गोलरक्षक बोलतो, मधल्या भागात प्रशिक्षक आणि समोरच्या गोलमागे उभा असलेला मार्गदर्शक आक्रमणाच्या भागात. तिघं एकदम बोलले तर खेळाडूच्या कानात नुसता कालवा होतो. ‘डावीकडं दोन पावलं’ हे उपयोगाचं, ‘अरे बघ बघ, आला आला’ हे नाही. या तिघांचा सराव खेळाडूंच्या सरावाइतकाच घ्यावा लागतो. नवीन लोक नेमकं हेच विसरतात, म्हणून इतकं लांबवून लिहितोय.

डोळ्यांवर पट्टी मैदानातल्या सगळ्या अंध खेळाडूंना, अपवाद नाही. ज्याला किंचित उजेड कळतो त्यालाही आणि ज्याला काहीच दिसत नाही त्यालाही. पट्टीला हात लावला तर फाउल. बचावासाठी चेंडूकडे जाताना ‘वॉय’ (स्पॅनिशमध्ये ‘मी येतोय’) असं मोठ्यानं ओरडायचं, नाही ओरडला तरी फाउल. हा नियम पहिल्या सामन्यापासून कडक ठेव, नाहीतर कपाळावर कपाळ आपटेल. प्रत्येक सामन्याला प्रथमोपचार येणारा माणूस हवाच.

चार संघ कर. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं म्हटलं की १२ सामने होतात. एका रविवारी दोन धरले तर सहा रविवार लागतात. चारही संघांना त्या दिवशी एकाच मैदानावर बोलाव. जर्मनीत २००८ पासून अंध फुटबॉलची बुंडेसलिगा (राष्ट्रीय लीग) चालते, तिथंही सामन्याच्या दिवशी संघ असेच एका गावी जमतात, आणि स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात. तूही मुलींना सुरुवातीपासून संघात घे. फक्त त्यांच्या परतीच्या एसटीची वेळ पाहून त्यांचा सामना आधी लाव. इचलकरंजीहून किंवा गारगोटीहून एकटा येणारा खेळाडू स्टँडवर उतरतो, तिथून मैदानापर्यंत त्याला आणणारा स्वयंसेवक ठरलेला हवा. त्यानं खेळाडूचा हात धरून ओढायचं नाही. आधी विचारायचं, मग आपलं कोपर पुढं करायचं.

वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना रंगीत पोस्टरचा फोटो टाकू नकोस. फोनमधलं मजकूर वाचून दाखवणारं अ‍ॅप फोटोतली तारीख नीट वाचून दाखवेलच असं नाही. साधा मजकूर टाइप कर. गुणतक्ता दर रविवारी रात्री आवाजी संदेशानं पाठव, गोल कुणी केले त्या नावांसकट.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. एकदा जाहीर केलेला रविवार हलवू नकोस. पाहुण्यांना वेळ नाही म्हणून तर मुळीच नाही. या पोरांना आयुष्यात कार्यक्रम भरपूर मिळालेत. शाल, नारळ, खाऊ, फोटो. ठरल्या दिवशी होणारा सामना मिळालेला नाही. ज्याला पुढच्या रविवारी कुणाशी खेळायचंय हे माहीत असतं तो बुधवारी आपणहून सरावाला येतो, डबा आधी मागतो, सुट्टी मागून घेतो. म्हणून सगळ्यांना सारखं पदकही नको. गुण मोज, तक्ता लाव, पहिला पहिला आणि चौथा चौथा राहू दे. अथेन्स २००४ पासून टोकियोपर्यंत पॅरालिम्पिकमधली अंध फुटबॉलची पाचही सुवर्णपदकं ब्राझीलनं जिंकली, आणि पॅरिसला २०२४ मध्ये तोच ब्राझील उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरला. सुवर्ण यजमान फ्रान्सला मिळालं. तुझा खेळाडू हरून दोन दिवस कुणाशी बोलला नाही तर त्याची समजूत घालायला धावू नकोस. तो खेळाडू झालाय.

पैशाचं थोडक्यात. स्थानिक स्वराज्य संस्थांना उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. महापालिकेत त्यासाठी लेखी अर्ज दे, सोबत खेळाडूंची यादी आणि यूडीआयडी कार्डांच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रांच्या) प्रती. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. खेळाडूंकडून थोडी का होईना वर्गणी घे, म्हणजे बैठकीत त्यांना हक्कानं बोलता येतं. समितीत निम्मे तरी खेळाडू हवेत. पंचांना मानधन दे, कमी असलं तरी वेळेवर. मध्यंतरात साहित्यवाटप करायचं म्हणून कुणी देणगी देऊ केली तर देणगी घे, वाटप दुसऱ्या दिवशी ठेव.

पालकमंत्र्यांना शेवटच्या रविवारी बोलाव. प्रेक्षकांत बसून पूर्ण सामना बघणार असतील तर उत्तमच.

तालमीतल्या दोन गोलरक्षकांशी मी बोललोय, दोघं यायला तयार आहेत. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर ये, येताना दोन पट्ट्या आणि पिशवी बांधलेला चेंडू आण. आधी त्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना तासभर खेळवू.

तुझा,
सर