बाकं घेऊ की दुसरं काही करू?

प्रश्न : दादा नमस्कार, मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी झेडपीच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, पट ४२, खोल्या दोन, शिक्षक दोन. पोरं सतरंजीवर बसतात आणि दुपारनंतर "सर, कंबर दुखस" चालू होतं. लोकवर्गणी थोडी जमलीय, वेल्डिंगवाला लोखंडी डबल बाकं करून देतो म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : सर, नका घेऊ. बाकं वाईट असतात असं नाही, पण एका खोलीत दोन वर्ग बसवायचे तर ती अडचणच, एकदा मांडली की गट करता येत नाही की खेळ घेता येत नाही, आणि सगळी एकाच मापाची येणार म्हणजे पहिलीतल्याचे पाय लटकणार अन् चौथीतला वाकून लिहिणार, कंबर तशीच दुखणार ना!

त्यापेक्षा प्लायची खोकी करा. बाहेरून माप २६ × ३१ × ४० सेंमी, आणि ३१ × ४० ची एक बाजू उघडी. पालथं घातलं की २६ चं स्टूल, आडवं केलं की ३१ चं, उभं केलं की ४० चं (ते तुम्हालाच बसायला). युरोपात शाळेच्या फर्निचरचं ईएन १७२९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात साधारण १०८ ते १२१ सेंमी उंचीच्या पोराला बसायला ३१ आणि लिहायला ५३ सेंमी धरलंय. आता फळीच्या दोन्ही टोकांखाली दोन-दोन खोकी एकावर एक पालथी घाला, ५२ झाले, वर १९ एमएमची फळी टाका, ५४ च्या आसपास टेबल तयार. तीच फळी एकेका खोक्यावर टाकली की २८, म्हणजे मांडी घालून बसणाऱ्याला बरोब्बर. चौथीतल्या उंच पोरांना मी असंच खाली बसवेन, ३१ चं स्टूल त्यांना बुटकं पडतं. आणि उभी खोकी भिंतीला लावून रचली की पुस्तकांचं कपाट.

८ × ४ फुटी १९ एमएमच्या शीटमधून चार फुटी, सोळा इंच रुंद अशा सहा फळ्या निघतात, दोन पोरं एक फळी आरामात उचलून ओसरीत नेतात. मार्चमध्ये खोलीत बसवत नाही आपल्याकडे, तेव्हा हे लय कामाचं. खोक्यांना १२ एमएम पुरतं, एका शीटमध्ये चार-पाच बसतात, पण सुताराला करवत लावायच्या आधी कागदावर मांडणी करायला लावा, नाहीतर निम्मा माल कटपीसमध्ये जातो.

फळीखाली दोन्ही टोकांना पट्टी ठोकून घ्या, ती खोक्याच्या कडेला अडकली की फळी सरकत नाही. टेबल करताना वरचं-खालचं खोकं नटबोल्टने जोडा, हे टाळू नका, पोरं रेलतात. हात घालायला खाच ठेवा, कोपरे घासून गोल करा.

प्लाय कुठला? छत गळत नसेल तर आयएस ३०३ वाला एमआर, म्हणजे दमट हवा सोसणारा, चालतो, गळत असेल किंवा फरशी रोज धुत असाल तर आयएस ७१० वाला, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या, महाग पडतो. काहीही घेतलं तरी कापलेल्या कडांना ऑइलपेंटचे दोन हात मारा, पाणी तिथूनच शिरतं आणि प्लाय फुगतो.

पैशाचं म्हणाल तर तुमच्या पटाला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान २५ हजार बसतं, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला जातात, उरलेल्यातून काही निघतं का ते शाळा व्यवस्थापन समितीत आणि केंद्रप्रमुखांना विचारा. आधी चार खोकी आणि दोन फळ्याच करा, महिनाभर पोरांच्या हातात द्या, मग बाकीची ऑर्डर. वेल्डिंगवाला रुसला तर त्याला खडूने लिहायच्या फळ्याचा स्टँड करायला सांगा, तो तसाही लागणारच आहे.