हेमकुंडाला निघण्यापूर्वी

खानापूर, जि. बेळगाव

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. गणपती आटोपले की सप्टेंबरात उत्तराखंडात जायचे, घांघरियाचा धबधबा पाहायचा आणि तेथून वर हेमकुंड या शीख तीर्थस्थानाच्या तलावापर्यंत चालत जायचे, असा बेत तू आखला आहेस. ‘खानापूरच्या रानात वाढलेल्या मुलीला त्यात अवघड ते काय?’ असेही तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, आणि अडचण नेमकी तिथेच असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. जांबोटी, कणकुंबी, चापोलीच्या वाटांनी तुझे पाय तयार केले यात शंका नाही. परंतु त्याच वाटांनी तुला काही सवयीही लावल्या आहेत, आणि त्यांतल्या काही चार हजार मीटर उंचीवर नुसत्या निरुपयोगी नव्हे, तर अंगाशी येणाऱ्या आहेत. कोणत्या सवयी बरोबर न्यायच्या आणि कोणत्या बेळगाव स्टेशनवरच सोडून गाडीत बसायचे, एवढाच माझ्या पत्राचा विषय आहे.

आधी वाट समजून घे. गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला निजामुद्दीनपर्यंत, तेथून हरिद्वार-ऋषिकेश आणि मग अलकनंदेच्या काठाकाठाने जोशीमठमार्गे गोविंदघाट असा प्रवास आहे. ऋषिकेशच्या पुढचा रस्ता पावसाळ्यात दरड कोसळून केव्हाही बंद पडू शकतो, म्हणून परतीचे तिकीट काढताना दोन दिवस मोकळे ठेव. हेमकुंडाच्या यात्रेसाठी उत्तराखंड शासनाकडे नोंदणी करावी लागते, ती घरूनच करून घे. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत गाडीरस्ता आहे. पुढे भ्यूंडार नदीच्या खोऱ्यातून नऊ-दहा किलोमीटर चालल्यावर घांघरिया लागते, आणि घांघरियाहून हेमकुंड सहा किलोमीटर, पण सगळा खडा चढ. सहा किलोमीटर म्हणजे आपल्याकडे सकाळची रपेट, असे तुझ्या मनात आले असणारच.

आता उंचीचा हिशेब पाहा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, गोविंदघाट 1,800 मीटरच्या आसपास, घांघरिया सुमारे 3,050 मीटर आणि हेमकुंड 4,300 मीटरहून थोडे अधिक. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच उरतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण हवाच विरळ असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायू कमी पडतो. शरीर याची भरपाई करते. श्वासाची गती वाढते, त्यामुळे रक्तातील आम्लतेचा बिघडलेला तोल मूत्रपिंडे हळूहळू सावरतात. मात्र या कामाला तास पुरत नाहीत, दिवस लागतात, आणि रोज धावणाऱ्या माणसाच्या शरीरात ते लवकर होते असेही नाही. म्हणून सोडून देण्याची पहिली सवय वेगाची. येळ्ळूरगडावर कोण आधी पोचतो याची पैज लावणारी तुम्ही मंडळी. हेमकुंडाच्या वाटेवर पैज लावणारा तरुणच पहिल्यांदा बसतो.

हेमकुंडाच्या शेवटच्या टप्प्यात वळणाची वाट सोडून सरळ वर चढणाऱ्या हजाराहून अधिक दगडी पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांच्या कडेला बसलेला एक धडधाकट तरुण मला आजही आठवतो. सोबत्यांना मागे टाकून तो पुढे आला होता. हातमोजा काढून तो बिस्किटाचा पुडा फोडू पाहत होता, पण त्याची बोटे पुड्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा घसरत होती. शेवटी पुडा मांडीवर ठेवून तो त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. मित्र आले आणि हसू लागले. खाली उतरणाऱ्या एका वयस्कर शीख गृहस्थांनी मात्र थांबून त्याला उभे केले, सरळ रेषेत चार पावले टाकायला लावली, आणि तो झोकांड्या खाऊ लागताच दोघांच्या आधाराने तडक खाली पाठवले. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, चक्कर ही उंचीच्या त्रासाची पहिली लक्षणे. तेवढ्यावर थांबावे, पाणी प्यावे, आराम वाटेपर्यंत वर जाऊ नये. पण तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, तर एकच उपाय असतो: ताबडतोब खाली उतरणे. तेव्हा ‘थोडेच राहिले आहे’ हे वाक्य कोणी उच्चारले तरी ऐकू नकोस. उंचीसाठी डायमॉक्स नावाची गोळी मिळते, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर त्यांना ते आवर्जून सांगितले पाहिजे.

यावरचा खरा उपाय दिवसांच्या मांडणीत आहे. साधारण 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची जागा एका दिवसात 500 मीटरहून अधिक वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा संकेत आहे. हेमकुंडाला मुक्कामाची सोयच नाही, सर्वांना त्याच दिवशी खाली यावे लागते, हे एका दृष्टीने बरेच आहे. तू पहिली रात्र जोशीमठ किंवा गोविंदघाट येथे काढ, दुसरी घांघरियात. तिसऱ्या दिवशी हेमकुंडाकडे मुळीच वळू नकोस. फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) जा. ही घाटी घांघरियाहून थोडीच उंच आहे, तेथेही रात्री राहता येत नाही, त्यामुळे दिवसभर थोड्या उंचीवर फिरून पुन्हा खाली झोपायला येणे आपोआप साधते. सप्टेंबरात फुलांचा बहर ओसरू लागलेला असतो, म्हणून हा दिवस वाया जाईल असे समजू नकोस. चौथ्या दिवशी तलावापर्यंत पोचणे याच दिवसावर अवलंबून आहे. आणि चढताना वेग इतकाच ठेव की सोबतच्या माणसाशी न थांबता पूर्ण वाक्य बोलता यावे.

दुसरी सोडण्याची सवय भिजण्याची. आपल्याकडे पावसाळ्यात माणूस रानात जातो तोच मुळी भिजायला. कणकुंबीच्या पावसात चार तास चिंब होऊन घरी यावे, अंग पुसावे, गरम भात-पिठल्यावर बसावे, काही बिघडत नाही, कारण हवा उबदार असते. हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे इतर सारे सारखे धरले तरी बेळगावपेक्षा हेमकुंड केवळ उंचीमुळे तेवीसएक अंशांनी थंड असते, आणि त्यावर वारा. तिथे सुती टी-शर्ट आणि जीन्स घालून भिजलेला माणूस चालतो तोवर ठीक असतो, थांबला की कुडकुडू लागतो, आणि कुडकुडणे थांबूनही ऊब आली नाही तर प्रकरण गंभीर असते. खडेबाजारात मिळणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या रेनकोटात घाम आतल्या आतच साचतो व माणूस आतून भिजतो. रोपणीच्या वेळी इरले पाठीवर घेऊन वाफ्यात वाकलेल्या बायका पाहा: पाऊस वरच्या वर अडतो आणि पाठीपाशी हवा खेळत राहते. तुझ्या कपड्यांनी नेमके हेच केले पाहिजे. अंगालगत घाम लवकर सुकवणारा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सर्वांत वर पाणी अडवणारे पण गळ्याशी व काखेत उघडता येणारे जाकीट. एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठपिशवीच्या तळाशी ठेव आणि तलावापर्यंत त्याला हात लावू नकोस.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्या मुलखाने शिकवलेले सारे बरोबर घेऊन जा. गोकाकला ऊन पडलेले असते, पण वर घाटात पाऊस झाला की घटप्रभा फुगते, आणि कोरड्या आभाळाखाली उभी असलेली माणसे पाण्याच्या भरवशावर फसतात. पाणी एकाएकी गढूळले, काटक्या-पाचोळा वाहू लागला, आवाज जड झाला, की काठ सोडायचा, हे तू गवळी-धनगरांच्या मुलांकडून लहानपणीच शिकलीस. हिमालयातील ओढ्यांना तोच नियम लागू आहे, फक्त तिथे पाण्याबरोबर दगड येतात. 2013 च्या जूनमधील पुराने गोविंदघाटाचा मोठा भाग आणि ही वाट उद्ध्वस्त केली होती. आज तू ज्या वाटेने चालणार आहेस तिचे बरेचसे काम त्यानंतरचे आहे. घांघरियाच्या पुढे थोड्याच अंतरावर लक्ष्मणगंगेचा धबधबा दिसतो आणि तेथेच वाटा फुटतात, डावीकडची फुलांच्या घाटीकडे व उजवीकडची हेमकुंडाकडे. तो धबधबा वाटेवरूनच पाहा. आपल्याकडच्या वज्रपोहा धबधब्याजवळ शेवाळलेल्या खडकावर बसून पाय सोडणे तुझ्या अंगवळणी पडले आहे (तेही मला कधी आवडले नाही); इथे पाणी वितळलेल्या बर्फाचे आहे, खडक सैल आहेत, आणि धारेखाली जाण्यासारखे काही नाही. चौथ्या दिवशी वर पोचशील तेव्हा तलावातून बाहेर पडणारा ओहोळ शोध. आदल्या दिवशी खाली कोसळताना पाहिलेले पाणी तेच.

वाटेत खेचरे भेटतील, एकामागून एक, पाठीवर यात्रेकरू किंवा सिलिंडर. घंटा ऐकू आली की डोंगराच्या अंगाला सरकून उभी राहा, दरीच्या अंगाला कधीच नाही. लादलेल्या खेचराचा साधा धक्काही माणसाला कडेवरून खाली टाकतो. फरसबंद वाटेवर त्यांची लीद पावसात मिसळून जी निसरड होते, तिच्यापुढे आपला जांभा दगड परवडला. काठी घे, गोविंदघाटला मिळते. चढताना ती नकोशी वाटेल. उतरताना, बाराशे मीटर उतरून गुडघे बोलू लागतील तेव्हा, ती मोलाची ठरेल.

हेमकुंडाच्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास निघ. पोहे, चहा करून नऊला निघायची आपली रीत तिथे चालत नाही, कारण दुपारनंतर ढग दाटतात आणि वरून निघण्याची वेळही ठरलेली असते. निघण्याआधीच मनाशी एक वेळ नक्की कर, बारा म्हण. त्या वेळी तू जिथे असशील तिथून परत फिर, मग गुरुद्वाराचे छत समोर दिसत असले तरी.

तलावाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते तुझे तू पाहायचे आहे. सात शिखरांच्या वेढ्यात तो आहे. काठावर गुरुद्वारा आणि जवळच लक्ष्मणाचे जुने मंदिर. शीख परंपरेने हे स्थान गुरू गोविंदसिंगांच्या पूर्वजन्मीच्या तपश्चर्येशी जोडले आहे. तेथे डोके झाकावे लागते आणि बूट-मोजे काढावे लागतात. फरशी ओली व बर्फासारखी असते, म्हणून कोरड्या मोज्यांचा जादा जोड खिशात असू दे. लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा मिळतो, पंगतीत बसून सावकाश घे. श्रद्धाळू तलावात बुडी मारतात. तुझी इच्छा असेल तर मी अडवणार नाही, पण घामेजल्या अंगाने, दम लागलेला असताना ती मारू नकोस, आणि त्यानंतर तो तळाशी ठेवलेला कोरडा जोड अंगावर चढव. वाटेच्या वरच्या भागात खडकांमधून ब्रह्मकमळे दिसतील. आपल्या गच्चीवरच्या कुंडीत रात्री उमलते ते मेक्सिकोकडून आलेले निवडुंग. हे निराळेच झाड आहे, सूर्यफुलाच्या कुळातले, फिक्या पिवळसर कागदी पाकळ्यांसारख्या आवरणात मिटलेले. तोडू नकोस, आणि तोडून विकणाऱ्याकडून घेऊही नकोस.

तयारीसाठी आजपासून बारा आठवडे आहेत असे समज. आपले डोंगर बुटके आहेत, म्हणून येळ्ळूरगड एकदा चढून भागणार नाही. पाठीवर पाच-सहा किलो घेऊन तो सलग दोन-तीनदा चढ आणि उतर, उताराकडे विशेष लक्ष दे. वैजनाथच्या डोंगरावरही एखादी फेरी कर. भीमगडच्या अभयारण्यात किंवा वज्रपोह्याकडे जायचे तर वनखात्याची परवानगी आधी विचार, आणि दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याचे मनात असेल तर ते काढून टाक. रेल्वेची त्याला मनाई आहे.

घांघरियात फोन लागेलच असे नाही. तारीखवार मुक्काम एका कागदावर लिहून आईजवळ दे, आणि दोन दिवस फोन आला नाही तरी घाबरायचे नाही, तिसऱ्या दिवशी कोणाला विचारायचे, हेही त्यावर लिही. बूट मात्र याच आठवड्यात घे, म्हणजे निघेपर्यंत ते पायाला बसतील. घेतलेस की रविवारी घेऊन ये. तळव्याच्या खाचा मला पाहायच्या आहेत.

आई-बाबांना नमस्कार. कळावे,

तुझे सर