प्राणायामात बंध केव्हा लावावेत आणि हाताच्या मुद्रांना कितपत महत्त्व द्यावे?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. मी योगवर्ग घेतो आणि माझ्या मते यांतला बंधांचा, म्हणजे प्राणायामात शरीराचे ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रियांचा, प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत, म्हणजे साधारण १५व्या शतकातल्या हठयोगाच्या ग्रंथात, दहा मुद्रा (इथे बोटांच्या नव्हे, तर शरीराच्या क्रिया) सांगितल्या आहेत आणि मूलबंध, उड्डियान व जालंधर हे तिन्ही बंध त्या दहांतच मोजलेले आहेत. अंगठा व तर्जनी जुळवून केली जाणारी ज्ञानमुद्रा मात्र त्यांत नाही. बोटांच्या मुद्रा अधिक आढळतात त्या पूजेत, न्यासात (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करण्याच्या विधीत) आणि संध्येत, जिथे गायत्रीजपापूर्वी २४ मुद्रा दाखवण्याचा प्रघात आहे. ध्यानाला बसताना ज्ञानमुद्रेमुळे हात स्थिर राहतात, म्हणून ती जरूर करावी. परंतु अमुक बोट दाबल्याने तमुक रोग बरा होतो, या दाव्यांवर विसंबून औषध बंद करू नये.

बंधांचे वेळापत्रक हठप्रदीपिकेनेच दिले आहे: पूरक (श्वास आत घेणे) संपताच जालंधर, म्हणजे हनुवटी छातीशी टेकवणे, आणि कुंभकाच्या (श्वास रोखण्याच्या) शेवटी, रेचक (श्वास सोडणे) सुरू होण्याआधी, उड्डियान, म्हणजे पोट आत व वर ओढणे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही या तिन्ही बंधांचे वर्णन येते. मूलबंधात आकुंचन गुदद्वार व शिवणीच्या (गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधल्या) भागाचे हवे. नितंब आणि मांड्या आवळल्याने तो साधत नाही.

सर्वाधिक गोंधळ उड्डियानात होतो, कारण बहुतेक जण पोट स्नायूंच्या जोरावर आत खेचतात. तो आधी प्राणायामापासून वेगळा, उभ्याने शिकावा. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, तळहात मांड्यांवर टेकवावेत व श्वास पूर्ण सोडावा; मग घसा बंद ठेवून, हवा आत न घेता, श्वास घेतल्यासारखी छाती फुगवावी. पोटाचे स्नायू सैल असतील तर पोट आपोआप बरगड्यांखाली वर ओढले जाते आणि तिथे खोल खळगा दिसतो. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौलीचा (पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रियेचा) अभ्यास क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने केला होता, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. सोडताना आधी छाती व पोट सैल करावे आणि मगच श्वास हळूहळू आत घ्यावा. तो धापेसारखा आत आला, तर आपण क्षमतेपेक्षा अधिक थांबलो असे समजावे व पुढचे आवर्तन आखूड करावे.

हा बंध रिकाम्या पोटीच करावा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पोटातील व्रण किंवा हर्निया असल्यास, तसेच मासिक पाळीत व गरोदरपणात, तो करूच नये. अशा वेळी कुंभकाशिवायचा अनुलोम-विलोम पुरेसा आहे.