प्रॉप डेस्कवर ३० टक्के : पण कशाचे?

प्रश्न : मी बीकॉम आहे. वाशीतल्या एका प्रोप्रायटरी ट्रेडिंग फर्मने (प्रॉप, म्हणजे स्वतःच्या पैशावर सौदे करणारी) जॉबर (दिवसभर झटपट खरेदी-विक्री करणारा) म्हणून महिना १८,००० रुपये आणि नफ्यात ३० टक्के देऊ केले आहेत. एक लाख डिपॉझिटही मागतात. नोकरी घ्यावी का? पुढे बढती कशी मिळते?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ३० टक्के कशाचे, हे नेमणूकपत्रात लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका. समजा, महिन्याचा ढोबळ नफा ३ लाख. त्यातून एसटीटी (शेअर बाजारातल्या सौद्यांवरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क, मुद्रांक वगैरे ९०,००० गेले. टर्मिनलचे (सौदे टाकायच्या संगणकाचे) १५,००० आणि भांडवलावरचे व्याज २५,००० फर्मने वळते केले. उरले १,७०,०००, म्हणजे तुमचा वाटा ५१,०००. मागच्या महिन्याचा ८०,००० तोटा पुढे ओढला, तर हिशेब ९०,००० वर येतो आणि वाटा २७,००० वर. त्यात १८,००० हा पगार नसून उचल निघाली, तर वर फक्त ९,००० मिळणार! तोटा पुढे ओढण्यात गैर काही नाही. मात्र तो वर्षअखेरीस पुसला जातो की नोकरी सोडेपर्यंत मानगुटीवर राहतो, ते विचारा.

जॉबरची कमाई दोन-चार टिकांची (टिक म्हणजे भावातला सर्वात छोटा फरक), त्यामुळे खर्च त्यालाच जास्त झोंबतो. १ ऑक्टोबर २०२४ ला फ्युचर्सच्या (पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या) विक्रीवरचा एसटीटी ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला, तेव्हा १५ लाखांच्या सौद्यामागे १८७.५० चे ३०० रुपये झाले. वाट्याची टक्केवारी तीच राहूनही हातात येणारी रक्कम अशी घटते.

डिपॉझिट देऊ नका, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रॉप म्हणजे फर्मचा स्वतःचा पैसा. तुमच्या लाखातून तोटा कापला जाणार असेल, तर ती नोकरी कसली? फर्मचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. शेअर डेरिव्हेटिव्हजच्या (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) टर्मिनलवर बसायला एनआयएसएम या सेबीच्या संस्थेची सिरीज आठ परीक्षा लागते. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. दुसऱ्याच्या आयडीवर सौदे टाकायला सांगितले, तर सरळ नकार द्या.

बढतीचे म्हणाल, तर व्हिजिटिंग कार्डावरचा हुद्दा बघू नका, लिमिट बघा. ट्रेनीला एक-दोन लॉट (सौद्याचा ठरलेला गठ्ठा), जॉबरला दिवसाच्या तोट्याची मर्यादा, सीनियरला पोझिशन (उघडा सौदा) रात्रभर ठेवायची मुभा, डेस्क हेडकडे सगळ्यांच्या लिमिटची वाटणी. रिस्कवाला, म्हणजे जोखमीवर लक्ष ठेवणारा, या उतरंडीबाहेर असतो, निदान असायला हवा. मर्यादा ओलांडली की तो डेस्क हेडचेही टर्मिनल बंद करू शकला पाहिजे. रिस्कवाल्याचा बोनस डेस्क हेड ठरवत असेल, तर तिथे काही खरे नाही. अल्गो फर्ममध्ये (जिथे सौदे संगणकाचा प्रोग्राम टाकतो) चित्र उलटे दिसते : पैसा क्वांट (गणिती मॉडेल बनवणारा) आणि डेव्हलपरकडे, डीलर बहुधा स्क्रीनवर नजर ठेवायला.

प्रश्न : मी डेव्हलपर आहे. राजीनाम्यानंतर सहा महिने दुसऱ्या प्रॉप फर्ममध्ये जायचे नाही, अशी अट करारात आहे. ती चालते का?
– एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे

उत्तर : भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालयात सहसा टिकत नाही. नोटीस काळात फर्म पगार देऊन घरी बसवू शकते, कारण तोवर तुम्ही नोकरीतच असता. कोड आणि स्ट्रॅटेजी मात्र फर्मचीच. जाताना एकही फाइल स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तिथे कलम २७ वाचवणार नाही.