मायनर लीगचं जुनं बेसबॉल कार्ड ऑनलाइन घेताना ते बनावट आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शार्लटला राहता, मुलगा बेसबॉलपटू कॅल रिपकेनचा भक्त आहे आणि त्याच्यासाठी रिपकेनचं १९८० सालचं 'शार्लट ओज' संघाचं कार्ड शोधताय. ईबेवर एकाने ते इतरांपेक्षा खूपच स्वस्त लावलंय. फोटो एकच, तोही तिरका. घ्यावं का?

त्या एका फोटोवर विसंबून तर अजिबात घेऊ नका. पण विक्रेत्याला लगेच चोर ठरवायचीही गरज नाही. आधी ही कार्डं काय प्रकारची असतात ते बघू.

१९८० मध्ये रिपकेन जेमतेम विशीतला पोरगा होता, मेजर लीगमधल्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या डबल-ए (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालच्या) संघात तुमच्याच शहरात खेळत होता. तो पुढे सलग २,६३२ सामने खेळेल हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? त्या वर्षीच्या संघाची कार्डं दोन प्रकारची मिळतात, निळ्या किनारीची आणि नारिंगी किनारीची. निळी डब्ल्यूबीटीव्ही या स्थानिक वाहिनीच्या नावाने ओळखली जातात, नारिंगी पोलिसांच्या नावाने. अशी कार्डं त्या त्या गावापुरती, थोडक्या संख्येत निघायची. टीसीएमएसारखी कंपनी गावोगावच्या संघांचे संच छापायची, १९८६ पासून प्रोकार्ड्स आलं, पण थाट तोच: साधा पुठ्ठा, साधी छपाई, ना होलोग्राम ना चमकी. म्हणून नक्कल करणं सोपं. शिवाय अस्सल कार्ड हातात घेऊन पाहिलेली माणसं थोडी. टॉप्स या मोठ्या कार्ड कंपनीच्या गाजलेल्या कार्डांच्या नकलांवर पानंच्या पानं लिहिलेली सापडतील, पण एखाद्या डबल-ए संघाच्या संचाबद्दल शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही.

अमेरिकेत येण्याआधी मी पुण्यात ऑफसेट छापखान्यात होतो, त्यामुळे कार्ड हातात आलं की माझी नजर खेळाडूआधी ठिपक्यांवर जाते. ऑफसेटमध्ये रंगीत फोटो चार शाईंच्या बारीक ठिपक्यांनी बनतो, आणि भिंगाखाली त्या ठिपक्यांची नीट, फुलांसारखी नक्षी दिसते. खेळाडूचं नाव, मागचा मजकूर, बारीक रेघा मात्र सहसा सलग काळ्या शाईत येतात, कडा स्वच्छ. नक्कल करणारा अख्खं कार्ड स्कॅन करतो आणि पुन्हा छापतो. मग अक्षरांचेही ठिपके होतात, कडा भुरकट होतात, आणि जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसल्याने चेहऱ्यावर किंवा आकाशात चौकड्यांसारखी जाळी उमटते. इंकजेटचे थेंब वाटेल तसे विखुरलेले असतात. लेझर प्रिंटरची पावडर कागदाच्या वर बसते, कार्ड तिरकं धरलं की अक्षरं वेगळी चकाकतात. किनारीच्या रंगावरून मात्र निकाल देऊ नका. नारिंगीसारखा रंग अस्सल कार्डातही पिवळ्या आणि मजेंटाचे ठिपके मिसळून बनवलेला असू शकतो. काळी अक्षरं बघा. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं.

आता तुम्ही म्हणाल, कार्ड तिकडे आणि भिंग इकडे. बरोबर आहे. त्यावर माझा उपाय असा, आणि या उत्तरातलं दुसरं काही ध्यानात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: रिपकेन घेण्याआधी त्याच संचातलं एखादं फुटकळ कार्ड घ्या. पुढे मेजर लीगमध्ये कधीच न पोचलेल्या एखाद्या राखीव पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. रिपकेनच्या मानाने ते फारच स्वस्तात मिळेल, आणि ते जवळजवळ नक्की अस्सल असेल, कारण ज्याला कुणी विचारत नाही त्याची नक्कल करून कुणाचं पोट भरणार? तोच तुमचा नमुना. पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा रंग, अक्षरांचं वळण, कडा कापण्याची पद्धत, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावरचं वजन, मागून टॉर्च धरल्यावर किती उजेड आरपार येतो, हे सगळं त्यावरून टिपून ठेवा. रिपकेन आला की दोन्ही शेजारी ठेवा. एकाच संचातली, एकाच छपाईची कार्डं असूनही एक पातळ आणि पांढरंफटक, दुसरं जाड आणि पिवळसर, असं झालं तर पुढे वाद घालायलाच नको. किनार दोन्हींची एकाच रंगाची हवी हे ओघानेच आलं.

निळा-जांभळा यूव्ही दिवा लावून बघा असा सल्ला सगळीकडे मिळेल. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या कार्डासाठी तो कामाचा आहे, कारण कागद उजळवणारी रसायनं तेव्हा नव्हती, म्हणजे ते कार्ड लखलखलं तर दाल में कुछ काला है. १९८० च्या कागदात मात्र ही रसायनं असूही शकतात. तिथे नुसत्या लखलखण्याला अर्थ नाही. तुमच्या त्या पिचरच्या कार्डापेक्षा ते वेगळं लखलखतंय का, एवढंच बघायचं.

विक्रेत्याकडे पुढची-मागची सरळ, सपाट चित्रं मागा. कार्डाशेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढायला सांगा. ज्याच्याकडे कार्ड खरंच आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. टाळाटाळ सुरू झाली की समजा, फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललाय. गूगलवर तोच फोटो टाकून शोधला की बऱ्याचदा मूळ सापडतंही. मग त्याने आधी काय विकलंय ते चाळा. हेच दुर्मीळ कार्ड त्याने थोड्या महिन्यांत चार-पाचदा विकलेलं दिसलं तर त्याच्याकडे संग्रह नाही, प्रिंटर आहे. वर्णन शेवटपर्यंत वाचा. 'रिप्रिंट', 'आरपी' (तेच थोडक्यात), 'नॉव्हेल्टी', 'कस्टम' हे शब्द तळाशी बारीक कोपऱ्यात बसवलेले असतात. आणि 'आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही' ही कथा वाचली की मला हसू येतं. कळत नाही तर शीर्षकात वर्ष, संघ, 'रूकी' (नवख्या खेळाडूचं कार्ड) आणि 'मिंट' (नव्यासारखं) हे सगळं अचूक कसं काय?

एक वेगळी जातही आहे, जिला मूळच नाही. १९९४ मध्ये बास्केटबॉलवाला मायकल जॉर्डन बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला, फलंदाजीत .२०२ च्या सरासरीने. त्या हंगामाची परवानाधारक कार्डं आहेत, पण कुणीतरी घरच्या घरी फोटो लावून छापलेलीही भरपूर फिरतात. संग्राहक अशांना 'ब्रोडर' म्हणतात. ती कशाचीच नक्कल नसल्यामुळे भिंगाखाली निर्दोष दिसू शकतात. त्यासाठी घेण्याआधी ते कार्ड कुठल्या संचातलं, कितव्या क्रमांकाचं हे याद्यांमध्ये शोधा. यादीत नसेल तर ते दुर्मीळ आहे म्हणून नसेल असं समजू नका.

पीएसए या कार्डं तपासून दर्जा देणाऱ्या कंपनीच्या प्लास्टिक डबीतलं घेतलं तर काळजी कमी होते, संपत नाही. डबीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका. क्रमांक खरा निघाला म्हणून थांबू नका, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांक खोट्या डबीवर छापणारे आहेत. तिथे फोटो असेल तर कार्डावरचे डाग आणि चारही बाजूंची किनार जुळवा. जुन्या क्रमांकांना बऱ्याचदा फोटो नसतो.

पैसे ईबेवरच भरा. 'बाहेर झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायची अमेरिकी सोय) पाठव, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार. तसे गेलेले पैसे परत येणं फार कठीण. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर तक्रारीला ३० दिवस मिळतात, आणि 'परतावा नाही' असं लिहिलेल्या विक्रेत्यालाही ते लागू होतं. म्हणून मुलाचा वाढदिवस जवळ आला तरी पाकीट आधी तुम्हीच उघडा, व्हिडिओ चालू ठेवून, आणि त्या पिचरचं कार्ड शेजारी ठेवून.