आजीच्या वर्षाला आपण काय करायचं?

लाडक्या लेकी,

तू विचारलंस, मैत्रिणीच्या घरी पितृपक्षात तिच्या आजोबांच्या नावानं पान वाढतात, कावळ्याला घास ठेवतात, मग आपल्या आजीसाठी आपण काय करायचं? आणि त्यांच्यासारखं काहीच करत नसू, तर आपण मराठी कसे? जेवता जेवता दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून देते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आजी वसईची. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत तिथल्या कितीतरी घरांचा धर्म बदलला, आडनावं डिसोजा, परेरा, लोपिस झाली. पण घरातली बोली तीच राहिली. आजी बोलायची ती कादोडी, म्हणजे सामवेदी, ही मराठीचीच बोली. वाडी, केळी, पानवेली, लुगडं, सगळं जागच्या जागी राहिलं. उलट पोर्तुगीज शब्द सगळ्या महाराष्ट्रानं घेतले. नाताळ आणि पाद्री तर आहेतच, पण पाव, साबण, चावी, पगार, बटाटा हेही. तुझ्या मैत्रिणीच्या आजोबांनी ते आयुष्यभर वापरले असतील. आणि ‘रत्नांमध्ये जसा हिरा, तशी भाषांमध्ये मराठी’ असं ओवीत सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट धर्मगुरू होते. त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं. तेव्हा तू मराठी आहेस का, हे तुला कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

आता आजीसाठी काय करायचं ते. पहिलं म्हणजे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना. वर्षाच्या तारखेला आजीच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगायची. चर्चच्या कार्यालयात दोन-तीन महिने आधी जायचं, वहीत नाव आणि तारीख लिहून घ्यायची, ठरलेलं दान द्यायचं. इतकं आधी जायचं कारण साधारणपणे एका दानाला एक मिस्सा असा नियम आहे आणि आवडीच्या तारखा पटकन भरतात. तारीख गुड फ्रायडेला आली तर पुढची-मागची घ्यावी लागते, कारण त्या दिवशी मिस्साच होत नाही. नाव देताना मात्र नीट दे. वसईत बाप्तिस्म्याचं नाव एक आणि घरी हाक मारायचं दुसरं, असं सर्रास असतं. इथे आजीचं बाप्तिस्म्याचं नाव द्यायचं, आडनावासकट, स्पेलिंग स्वतः कागदावर लिहून. तोंडी सांगितलेलं नाव इथल्या परदेशी माणसाच्या कानाला वेगळंच ऐकू येतं आणि वेदीवरून भलतंच वाचलं जातं. ते फार लागतं.

दुसरं, नोव्हेंबर. हा आपला पितृपक्षच म्हण. 1 तारीख सर्व संतांची, 2 तारीख सगळ्या मृतांची. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करता येतात. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात माणसं मरत होती, तेव्हा पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ही परवानगी सगळ्या चर्चला दिली. वसईत लोक आधी कबरी साफ करतात, मग फुलं आणि मेणबत्त्या लावतात, आणि फादर येऊन कबरींना आशीर्वाद देतात.

तुला वाटेल, कबर तिकडे, आपण इकडे. पण 1 ते 8 नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायला चर्च सांगतं, आणि ती दफनभूमी अमुकच हवी असं नाही. आपल्या रस्त्याच्या टोकाला आहे ती चालते. ज्या कबरीवर कुणाची मेणबत्ती नाही अशी एक शोधायची आणि तिथे आजीसाठी प्रार्थना करायची. त्या माणसालाही ती पोचते. मेणबत्ती वाऱ्यानं विझते, म्हणून अर्ध्या करवंटीत दोन बोटं वाळू भरून तिच्यात खोचायची. मेण दगडावरही सांडत नाही. इथे पाचलाच अंधारतं, तेव्हा चारला निघायचं आणि आधी फाटकावरची बंद व्हायची वेळ बघायची.

वसईला गेलीस की आजीच्या संगमरवराला ॲसिड लावू देऊ नकोस. डाग जातो, पण दगडाची झिलई खाऊन तो कायमचा खरखरीत होतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कबरीचा क्रमांकही लिहून ठेव. जागा कमी असते तिथे तीच जागा काही वर्षांनी दुसऱ्यासाठी वापरतात, मग नुसत्या आठवणीवर ती सापडत नाही.

तिसरं, जपमाळ, आणि ती मराठीतून. पाच दशकं, प्रत्येकात एकदा ‘आमच्या स्वर्गातील बापा’ आणि दहा वेळा ‘नमो मरिया’. अर्ध्या तासाच्या आत होते. आजीच्या लहानपणी चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये असायची. 1963 च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, लोकांच्या भाषेला वाट करून दिली. त्याआधी वेदीवरची भाषा तिची नव्हती, घरातल्या जपमाळेची होती. म्हणून इंग्रजीत म्हणू नकोस. अडखळलीस तरी चालेल, कागद हातात धर.

आजीचं लाल लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, ओल कोंडते. खळ असेल तर आधी धुऊन काढायची, कारण खळीवर कसर येते. मग जुन्या मलमलीत गुंडाळायचं आणि दर वर्षी घडी मोडून दुसरीकडून घालायची. वर्षानुवर्षं एकाच जागी मुडपलेलं सूत तिथेच तुटतं.

आता फुगे, म्हणजे मैद्याचं पीठ आंबवून तळलेले गोळे. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे, म्हणून सावकाश वाच.

मैदा अर्धा किलो, अंडं एक, नारळाचं दाट दूध 200 मिली, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, तूप एक मोठा चमचा. पूर्वी ताडीनं आंबवायचे, इथे कोरडं यीस्ट दीड छोटा चमचा. कोमट पाणी सव्वाशे ते दीडशे मिली, पण एकदम ओतायचं नाही. पीठ पोळीसारखं घट्ट नको आणि भज्यांसारखं सैलही नको. हाताला चिकटेल, उचललं की लोंबेल, पण गळणार नाही, असं हवं. नारळाचं दूध गरम करशील तर बोट बुडवून सहज सहन होईल इतकंच कर, कढत दुधानं यीस्ट मरतं आणि मग पीठ रात्रभर ठेवलंस तरी फुगत नाही. दहा मिनिटं हातानं आपटून आपटून फेटायचं. झाकून ठेवायचं. वसईच्या हवेत दोन तासांत दुप्पट होतं, इथे बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून तीन तास.

तळताना डाव्या हाताला पाणी लावून ते पूर्ण झटकायचं, थेंब तेलात पडला तर उडतो. मूठभर पीठ घ्यायचं आणि मूठ आवळायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो ओल्या चमच्यानं काढून तेलात सोडायचा. तेल 170 अंशांवर असलं की गोळा तळाशी जाऊन लगेच वर येतो, फुगतो आणि बहुतेक वेळा आपणहून कूस पालटतो. आजीच्या हातचे पालटायचे तसे. तीन-चार मिनिटं पुरतात. तेल थंड असेल तर फुगा तेल पितो, फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चा. फुग्यांना शेपट्या फुटल्या तर पीठ सैल झालं असं समज आणि दोन चमचे मैदा घाल. एका वेळी सहा-सातच सोड, गर्दी केली की तेल थंड पडतं.

आजी पहिला फुगा कधी कुणाला देत नसे. तो मोडून आतून बघायची आणि मगच पुढचे सोडायची. तूही तसंच कर.

शनिवारी सकाळी दहाला पीठ भिजवायला घेऊ. नारळाचं दूध मी आणते, यीस्टच्या डब्यावरची तारीख तू बघून ठेव.

तुझी,
आई